क्लचबाईचा गिअरबॉक्स

आमच्या भागात तिला सगळे क्लचबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि ती ओ देते. गाडी शिकवताना दिवसभर "क्लच! अगं, क्लच!" असं ओरडायची, त्यावरून पडलेलं नाव. मी तिच्या समोरच्या इमारतीत राहते. सकाळी दात घासताना खिडकीतून मला तिची गाडी दिसते. करड्या रंगाची, चार दारांची, पुढचा बंपर एका बाजूने वाकलेला. कंपनीने हे मॉडेल केव्हाच बंद केलं. रस्त्यावर आता तशी दुसरी दिसत नाही.

गाडी मुळात तिच्या नवऱ्याची. तो औषधांचा फिरता विक्रेता होता आणि गाडीवर त्याचा फार जीव. सुट्टीच्या दिवशी ती धुवायला बायकोला बादल्या आणायला लावायचा, पण चाकामागे कधी बसू दिलं नाही. "ही खेळायची वस्तू नाही," म्हणायचा. तो अचानक गेला, तेव्हा मुलगा शाळेत होता आणि घरात थोरली नणंद होती. महिना उलटला नसेल, धाकटा दीर दारात उभा. "वहिनी, गाडी उगाच गंजत पडेल. मी घेऊन जातो."

"चावी सापडत नाहीये, भाऊजी," क्लचबाई म्हणाली. चावी तिच्या मुठीतच होती.

दीर दोनदा येऊन गेला. चावी दोन्ही वेळा सापडली नाही. तोवर क्लचबाई एका निवृत्त बसड्रायव्हरला गाठून गोदामामागच्या मोकळ्या मैदानात गाडी शिकत होती. रिकामे पिंप उभे करून त्यांच्यामधून गाडी काढायची. किती पिंप आडवे केले ते तिलाच ठाऊक. बंपर वाकला तो तेव्हाचा. मग एक दिवस ती स्वतः गाडी घेऊन दिराच्या घरासमोर गेली, हॉर्न दाबून धरला आणि तो बाहेर आल्यावर म्हणाली, "गंजलीय का बघा जरा."

घरी नणंद वाट बघत होती. क्लचबाई तिला वन्सं म्हणते. वन्सं म्हणजे तिखट बाई, कुणाचं कौतुक करणाऱ्यातली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "दिराला दाखवलीस ते ठीक. मला उद्या दवाखान्यात नेऊन आण, मग बघू." दुसऱ्या दिवशी त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या, दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट पकडून. तेव्हापासून वन्संची जागा मागेच.

हळूहळू शेजारच्या बायका विचारू लागल्या, आम्हालाही शिकवशील का? क्लचबाईने रीतसर परवाना काढला, गाडीच्या छतावर पाटी लावली, शिकवणाऱ्याच्या पायाशी ब्रेक आणि क्लचचं जादा पेडल बसवून घेतलं. फक्त बायकांसाठी. नवरे शिकवायला बसले की आवाज चढवतात आणि बायका रडतात, असं तिचं म्हणणं. ओरडायची तर तीही, पण तिच्या ओरडण्याने कुणी रडलेलं मी पाहिलं नाही. बहुतेक जणी हसायच्या. त्या गाडीवर तिने मुलाचं शिक्षण केलं. तो मोठा होऊन दुसऱ्या शहरात नोकरीला लागला. इकडे दोघी बायका आणि गाडी.

एक दिवस शाळेचे गणवेश शिवणारी एक शिंपीण शिकत होती. पाण्याच्या टाकीजवळचा चढ होता. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चढत असताना खट्‌कन आवाज झाला, गिअर आपोआप निसटला, इंजिन नुसतं घुमायला लागलं आणि गाडी थबकून मागे सरकू लागली. क्लचबाईने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. मागून येणारा टेंपो हातभर अंतरावर थांबला.

"मी काही केलं नाही हो!" शिंपीण रडवेली झाली.

"तू नाही गं, हिने केलं," क्लचबाई डॅशबोर्डवर थाप मारून म्हणाली. "ऊठ, मी घेते."

पहिल्या गिअरमध्येच रखडत गाडी मिस्त्रीच्या गॅरेजात आली. हा मिस्त्री क्लचबाईच्याच वयाचा, पोट सुटलेला. गाडी कुणाचीही असो, आधी खुर्चीत बसून आवाज ऐकायचा आणि बसल्याबसल्या निकाल द्यायचा. या वेळी मात्र त्याने गाडी एक चक्कर फिरवली, परत आला आणि हात पुसत म्हणाला, "बाई, गिअरबॉक्स गेला."

"गेला म्हणजे कुठे गेला? इथेच तर आहे."

"थट्टा नको. शिकाऊ बायकांनी वर्षानुवर्षं गिअरच्या दाताला दात लावून खालीवर केलाय. आतून खलास असणार. आता नवा टाकू. नाहीतर बाजारात रिकंडिशन, म्हणजे आतले भाग बदलून तयार केलेला, मिळतो. जुना काढायचा, तयार चढवायचा, एका दिवसाचं काम."

"आणि हाच उघडून दुरुस्त केला तर?"

मिस्त्रीने तोंड वाकडं केलं. "ते काम आता कोण करतं? उघडला की आत काय निघेल त्याची गॅरंटी नाही."

"न उघडलेल्याची गॅरंटी तुम्ही कुठून आणता?"

मिस्त्री पान्हे उगाच इकडचे तिकडे ठेवू लागला.

त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला. शिंपिणीने कुणाला तरी सांगितलं होतं आणि ते फिरत फिरत दुसऱ्या शहरात पोचलं होतं. मी तेव्हा त्यांच्याकडे चहाला होते, त्यामुळे फोनवरचं बोलणं मीही ऐकलं. मुलगा वाईट नाही. काळजी करणारा आहे आणि काळजी करणारी माणसं जशी बोलतात तसा बोलतो.

"आई, आता पुरे. भंगारात दे ती. मी तुला नवी घेऊन देतो. ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर नाही, नुसतं बसायचं."

"नुसतं बसायला मला सोफा आहे घरात."

"अगं, मागे टेंपो होता! काही झालं असतं म्हणजे?"

"झालं नाही, कारण मी ब्रेक दाबला."

"प्रत्येक वेळी तू असशील का दाबायला?"

"नसेन तेव्हा बोलू," असं म्हणून तिने फोन ठेवला. मग चहाचा कप हातात धरून बसली. चहा निवला. वन्संनी तो उचलून परत गरम केला आणि पुढ्यात आदळला. "तो काही चुकीचं बोलत नव्हता," त्या म्हणाल्या.

"मी कुठे म्हटलं चुकीचं बोलतो? भंगार म्हणाला, ते लागलं."

दुसऱ्या दिवशी ती मिस्त्रीला घेऊन सुट्या भागांच्या बाजारात गेली. लांबलचक गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानं, दारात टांगलेले सायलेन्सर, टायरच्या राशी आणि हवेत ऑइलचा वास. पहिल्या दुकानात नवा गिअरबॉक्स होता. खोक्यात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, चकचकीत. दुकानदार म्हणाला, "एकदम नवा. शेवटचाच नग."

क्लचबाईने प्लॅस्टिक बाजूला केलं आणि कवच चारही बाजूंनी फिरवून बघितलं. तिच्या गाडीच्या प्रत्येक लोखंडी भागावर कंपनीची खूण उमटवलेली होती. बॉनेट उघडून उघडून ती तिला पाठ झालेली. इथे कुठेच नव्हती.

"खूण कुठंय?"

"ताई, कंपनीने हे बनवणं बंद केलं. आता हे दुसरे लोक बनवतात. तंतोतंत तसंच."

"तंतोतंत बसेल?"

दुकानदाराने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री वर छताकडे बघत होता. "थोडं घासून घ्यावं लागेल," दुकानदार म्हणाला. "एखादं भोक जरा मोठं करायचं. मिस्त्री करतील."

"म्हणजे नवा आहे, पण माझ्या गाडीचा नाही," असं म्हणून क्लचबाई बाहेर पडली.

दुसरं दुकान गल्लीच्या टोकाला. तिथे रिकंडिशन गिअरबॉक्स फळीवर ओळीने मांडलेले, सगळ्यांना चंदेरी रंग. दुकानदार जाडजूड, गळ्यात टॉवेल. तिच्या मॉडेलचा एक त्याने खाली काढून दिला. "तयार माल. आत सगळं बदललेलं. लावा आणि पळवा."

क्लचबाईने पर्समधून नाणं काढलं आणि सांध्यापाशी रंग खरवडला. खाली जुनी काळी घाण, तशीच्या तशी, वरून रंग फासलेला. बोल्टच्या खाचेतही रंग भरलेला. तिने दांडा हाताने फिरवून बघितला. आत खरखर झाली, भांड्यात वाळू राहिल्यासारखी.

"हा उघडलेलाच नाही," ती म्हणाली. "कुठल्या तरी मेलेल्या गाडीतून काढला आणि रंगवला. ह्याला तुम्ही रिकंडिशन म्हणता?"

"अहो, सगळे तसंच म्हणतात."

"मग झाकण उघडा. आत बदललेलं मला दाखवा, आत्ता घेऊन जाते."

"असं प्रत्येक गिऱ्हाइकासाठी उघडत बसलो तर धंदा कधी करू? घ्यायचा तर घ्या, नाहीतर पुढे व्हा."

"पुढे होते," क्लचबाई म्हणाली. जाता जाता दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने जोड दिली, "रंग मात्र छान आहे हो!"

परतताना मिस्त्री वाटेत एकच वाक्य बोलला. "बाई, तुमच्याबरोबर बाजारात येणं म्हणजे माझी सगळीकडची पत घालवणं."

"मग माझाच उघडा. बाजारात जायलाच नको."

त्याने बरेच आढेवेढे घेतले. पाठ धरते म्हणाला, दोन गाड्या आधीच रांगेत आहेत म्हणाला, चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणाला. क्लचबाई गॅरेजातल्या पालथ्या क्रेटवर बसून राहिली. जेवायची वेळ झाली तरी उठेना. शेवटी मिस्त्री वैतागून म्हणाला, "बरं, बाई. उघडतो. पण आतून जे निघेल त्याचा मला बोल लावायचा नाही."

"तुम्हाला कशाला? बायकांना लावीन, दाताला दात लावणाऱ्या."

गिअरबॉक्स उतरवला, धुतला, टेबलावर उघडला. क्लचबाई टॉर्च धरून उभी. मिस्त्रीची सवय गेलेली होती. एक पिन त्याने आधी उलटीच काढायचा प्रयत्न केला आणि स्वतःलाच शिव्या घातल्या, पण हात हळूहळू मोकळा झाला. कवच ठणठणीत निघालं. बहुतेक गिअर अजून चालण्यासारखे. गिअर बदलताना दोन दातेरी चाकांचा वेग जुळवून देणाऱ्या पितळी रिंगा झिजून गुळगुळीत झालेल्या, एक बेअरिंग खड्डे पडलेलं, तेल अडवणारी ऑइल सील कडक झालेली. हे सगळं बाजारात नवं मिळत होतं. फक्त दुसऱ्या गिअरचे दात गोल झाले होते, त्यामुळेच तो पकड सोडत होता. तो एकटा मिळत नव्हता.

"आणि नुसता गिअर मिळून भागायचं नाही," मिस्त्री म्हणाला. "तो खाली ज्या दांड्यावर चालतो, तो दांडाही त्याच्याच जोडीचा हवा. नाहीतर जन्मभर रडत राहील."

"कुणाकडे असेल?"

मिस्त्रीने टॉवेलने तोंड पुसलं. हसू लपवायला, असं क्लचबाईचं म्हणणं. "एका ठिकाणी नक्की आहे. चंदेरी रंगाचा."

आता आली का पंचाईत! वन्संनी मला हे सांगितलं तेव्हा त्या मांडीवर थापा मारून हसत होत्या. "अख्ख्या दुकानासमोर त्याची शोभा करून आली आणि आता परत त्याच्याच दारात!" पण क्लचबाई गेली. न चाचरता, सरळ.

चंदेरीवाला काउंटरच्या मागून म्हणाला, "या या. रंग आवडला होता ना तुम्हाला?"

"रंग तुमच्याकडेच ठेवा. मला आतला माल हवा. झाकण उघडून दाखवलंत आणि सेकंडचा गिअर चांगला निघाला, तर अख्खा बॉक्स घेते. नाही निघाला, तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

दुसरी अट त्याला आवडली असावी. त्याने पान्हा घेतला. बेअरिंग अपेक्षेप्रमाणे खलास, खरखर त्याचीच होती. पण दुसरा गिअर आणि खालचा दांडा असे निघाले की मिस्त्रीने दातांवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. ती गाडी कुणातरी सरळमार्गी माणसाने चालवली असणार.

"बघा," चंदेरीवाला म्हणाला, "माल वाईट नव्हता माझा."

"मग रंगवला कशाला?"

यावर तो खो खो हसला. तिनेही हसून घेतलं. तेव्हापासून जुनं काही लागलं तर ती त्याच्याचकडे जाते आणि तो तिला बघितलं की आधी झाकण उघडतो.

गिअरबॉक्स जुळत आला तेव्हा क्लचबाईच्या अंगात वारं शिरलं होतं. जे दिसेल ते "उघडा, दुरुस्त करा." बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो उघडला, त्याचे ब्रश बदलले, उत्तम चालू झाला. मग मिस्त्रीने गाडीखालून हाक मारली, "बाई, ब्रेकचा मास्टर सिलिंडर झिरपतोय."

"उघडा. आतली रबरं बदला."

"सिलिंडरच्या आतल्या भिंतीला चरे असतील तर रबर टिकायचं नाही. हा नवा मिळतो. ओरिजिनल. कंपनीच्या दुसऱ्या गाड्यांनाही हाच लागतो."

"पुन्हा नव्याचं सुरू झालं तुमचं! गिअरबॉक्स झाला ना? मग हाही होईल."

वन्सं तेव्हा तिथेच होत्या. डबा घेऊन आल्या होत्या आणि टायरवर बसून पाय चोळत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "ब्रेक नवा घालायचा."

"वन्सं, तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"मला एवढं कळतं की गिअर नाही पडला तर गाडी थांबते. ब्रेक नाही लागला तर थांबत नाही. आणि मागे मी बसलेली असते."

"मी काय तुम्हाला मारायला निघालेय?"

"तू हट्टाला पेटलीयस. मुलगा भंगार म्हणाला म्हणून आता तुला सगळंच जुनं हवंय. त्याच्यावरचा राग त्याच्यावर काढ. माझ्या मानेवर नको. आणि त्या शिंपिणीच्या तर नकोच नको, तिला घरी तीन पोरं आहेत."

मिस्त्री गाडीखालून बाहेरच येईना. क्लचबाई टॉर्च चालू-बंद करत राहिली. मग चढ्या आवाजातच म्हणाली, "आणा नवा! पण खोकं माझ्यासमोर फोडायचं, खूण मी बघणार. आणि ब्रेकच्या रबरी नळ्या पण नव्या. क्लचप्लेट पण नवीच टाका, ती झिजायचीच वस्तू आहे." जशी काही ही सगळी कल्पना तिचीच. वन्संनी डब्याचं झाकण उघडलं आणि दोघी एकाच डब्यातून जेवल्या, एकमेकींकडे न बघता.

गाडी तयार झाली. दुसरा गिअर असा पडायला लागला की मिस्त्री स्वतःच विनाकारण दोन चकरा मारून आला. तिसऱ्या गिअरमध्ये बारीक गुणगुण राहिली. ती काही गेली नाही.

पुढचं काम म्हणजे तपासणी. शिकवायच्या गाडीचा परवाना दर काही वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. तपासणीचा अधिकारी तरुण होता, शांत, कामाला चोख. त्याने गाडी खड्ड्यावर नेऊन खालून बघितली, दिवे बघितले, ब्रेक यंत्रावर तपासले, मग स्वतः चालवून चढावर थांबवून पुन्हा उचलली. परत येऊन म्हणाला, "गाडी छान ठेवलीय. रस्त्यावर चालवायला पास. पण शिकवण्याचा परवाना देता येणार नाही."

"का? काय खराब आहे ते दाखवा."

"खराब काहीच नाही. गाडीचं वय. शिकवायच्या गाड्यांना आता वयाची मर्यादा आलीय."

"वय तर माझंही झालंय."

"तुमच्याबद्दलचा नियम अजून आलेला नाही," तो म्हणाला. चेष्टा नव्हती त्यात, खरं तेच सांगत होता. "आणि ते जादा पेडल काढावं लागेल. ते फक्त ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला चालतं."

क्लचबाईने त्याच्याशी पुष्कळ वाद घातला. नियम कुणी केला, त्यांनी कधी गाडी उघडून बघितली का, नव्या गाडीचा ब्रेक निकामी होत नाही का. त्याने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या हातात काही नव्हतं आणि हे दोघांनाही माहीत होतं.

ती घरी आली, शिडी लावली आणि छतावरची पाटी स्वतःच उतरवली. मी खिडकीतून बघत होते. पाटी भिंतीला टेकवून ती गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं, झालं, आता ही खचणार. मुलानेही तेच धरलं. फोनवर हळू आवाजात म्हणाला, "आई, प्रयत्न केलास ना? मग आता तरी."

"आता तरी काय?"

"आता आराम कर."

"करते," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तपासणी अधिकाऱ्याच्या खिडकीसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, एकच प्रश्न. जिच्याकडे गाडी चालवायचा परवाना आहे, अशी बाई माझी गाडी चालवतेय आणि मी शेजारी बसून बडबड करतेय. हा गुन्हा आहे का?"

तो बुचकळ्यात पडला. "परवाना असेल तर… नाही. शेजारी बसून कुणी काहीही बोलू शकतं."

"लिहून नको. तुम्ही म्हणालात, बास झालं."

तिथून ती थेट माझ्याकडे आली. पायांत चपला तशाच, दारातूनच विचारलं, "तुझ्याकडे लायसन्स आहे ना गं?"

होतं. लग्नाआधी काढलेलं. कपाटात साड्यांखाली पडलेलं. घरात गाडीही होती, पण ती नवरा चालवायचा. मी एकदा फाटकाला घासली होती, त्यानंतर कुणी मला चावी दिली नव्हती आणि मीही मागितली नव्हती.

"अशा किती जणी असतील?" क्लचबाई म्हणाली. "लायसन्स आहे आणि हिंमत नाही. त्यांना कुठलं ड्रायव्हिंग स्कूल घेत नाही, कारण त्या कागदोपत्री शिकलेल्या. त्यांना मी घेणार. ऊठ, चप्पल घाल."

"आत्ता?"

"मग कधी? म्हातारी झाल्यावर?"

मी बसले. वन्सं आधीच मागे बसलेल्या होत्या. क्लचबाईच्या पायाशी आता पेडल नव्हतं, नुसती मोकळी जमीन आणि दोन भोकं बुजवलेली. माझ्या चुकीवर आता कुणाचाच पाय येणार नव्हता.

"घाबरू नको," ती म्हणाली. "पेडल काढलं, तोंड शाबूत आहे माझं."

आणि खरंच, तिने निव्वळ तोंडावर मला शिकवलं. आधी गोदामामागच्या मैदानात, मग गल्ल्यांत, मग बाजाराच्या रस्त्यावर. मी गाडी बंद पाडायची आणि मागून हॉर्न वाजायचे. ती खिडकीतून डोकं बाहेर काढून मागच्याला सांगायची, "आईच्या पोटातूनच शिकून आला होतास का रे?" हात मात्र तिने एकदाही स्टिअरिंगला लावला नाही. एकदा हँडब्रेक ओढला, तेव्हा चूक एका सायकलवाल्याची होती.

एक दिवस नदीवरच्या पुलाच्या अलीकडे ती म्हणाली, "बाजूला घे." मी घेतली. ती उतरली आणि दार लावलं.

"पलीकडे जा, गोल चौकातून वळून ये. मी इथेच बसते."

"एकटी?"

"वन्सं, उतरा."

वन्सं हलल्या नाहीत. "मी कशाला उतरू? माझे पाय दुखतात. चल गं, पोरी."

मी पुलावर गाडी घातली. दोन्ही बाजूंनी ट्रक जात होते, पुलाच्या सांध्यांवर गाडी हादरत होती आणि मागे वन्सं शेजारपाजारच्या कुणाचं तरी लग्न कसं मोडलं ते सविस्तर सांगत होत्या. चौकात मी एकदा गाडी बंद पाडली. कुणीतरी ओरडलं. मी काच खाली केली आणि त्याला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण ते शब्द मी क्लचबाईकडून उचललेले होते. परत आले तेव्हा ती कठड्यावर बसून शेंगदाणे खात होती. गाडीत बसता बसता म्हणाली, "तिसरा उशिरा टाकलास. इथवर ऐकू आलं."

त्या संध्याकाळी मी नवऱ्याकडे चावी मागितली. त्याने विचारलं, "जमेल तुला?" मी म्हटलं, "विचारत नाहीये." त्याने चावी दिली.

आता क्लचबाईकडे रांग असते. डॉक्टरीण येते, केस कापणारी येते, नुकतीच नात झालेल्या एक आजी येतात. मुलगा मध्ये येऊन गेला. आईची गाडी त्याने स्वतः बाजारापर्यंत नेली आणि परत आल्यावर म्हणाला, तिसऱ्या गिअरला कसलातरी आवाज येतो, तो पण बघून घे. क्लचबाई म्हणाली, "तो राहू दे." परवा तिच्या गाडीच्या दाराचं कुलूप बिघडलं. ते नवं घ्यायचं की जुनं उघडायचं, यावरून ती आणि वन्सं अजून बोलत नाहीयेत. दार सध्या दोरीने बांधलंय. धडे चालू आहेत.